बाईंना मीठ कळत नाही

रोह्याच्या बाहेर जगात काही चांगलं असू शकतं, हे आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी उभ्या आयुष्यात कबूल केलं नाही. माहेर रोह्याचं, सासर इथलं, पेणच्या खाडीकडचं. इथली हवा दमट, पाणी मचूळ, माणसं हट्टी आणि मांजरंसुद्धा आळशी, असं त्यांचं ठाम मत. नोकरी संपली तशा त्या रोह्याजवळ वरसेला मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा तिथेच धाटावला कंपनीत आहे. फोन करतात तेव्हा आधी तिकडच्या वालाच्या शेंगांची तारीफ होते, मग माझी चौकशी. माझी शाळा आणि त्यांची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत होती, आणि बाईंचा आवाज असा, की माझ्या दुसरीच्या वर्गाला पाढ्यांच्या आधी पलीकडची बडबडगीतं पाठ झाली. आता तिथे नव्या बाई आल्यात. गुणी आहेत, हळू बोलतात आणि मला ते सोसत नाही.

बाईंचं कायमचं भांडण वजनकाट्याशी. एखाद्या पोराचं वजन कमी भरलं की त्या आधी काट्याला चापट मारत. "मेल्या, नीट बघ. माझ्या हातची खिचडी खातंय ते." काटा ऐकत नसे, मग दिवसभर बाईंचा चेहरा उतरलेला. त्यांचं दुसरं भांडण गावातल्या कोंबड्यांशी. गरोदर बायकांना घरी न्यायला सरकारी पिठाची पाकिटं मिळत, आणि ते पीठ कुठे मुरतं हे कळायला बाईंना कोंबड्या पुरत. ज्या घरची कोंबडी तुकतुकीत, त्या घरची सून वाळलेली, हा त्यांचा हिशोब फारसा चुकत नसे. एकदा तर अशी एक कोंबडी काखेत मारून त्या थेट तिच्या मालकिणीच्या ओटीवर गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हिला कितवा महिना गो?"

पण भांडून सुनेच्या पोटात काही जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं आणि उरेल ते खायचं, ही सुनांची रीत कुठल्या सरकारी पाकिटाने मोडणार? म्हणून बाईंनी स्वतःची जीभ बिघडवून घेतली. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने खिचडी चाखून बघायची असते. बाईंनी गावभर सांगून टाकलं, "मला मीठ कळत नाय. कोणाची तरी सून पाठवा चव बघायला." सरकारी काम म्हटल्यावर सासवा नाही म्हणेनात. सून आली की बाई तिला ताटभर वाढत. ती म्हणे, "बरोबर हाय मीठ." बाई म्हणत, "खालच्या भातात बघ. वर लागत नाय." असं करता करता ताट संपे. वर "तुझ्यासाठी नाय गो, पोटातल्यासाठी खा" हे पालुपद असेच. त्यावर कुठलीच सून लाजून उठत नसे.

त्यांतलीच एक नागोठण्याची पोर, लग्न होऊन वर्ष झालेलं, पोटुशी, आणि अंगावर मांस म्हणून नाही. हिच्यासाठी बाईंचा जीव फार तुटायचा. मिठागरं सुरू झाली तसं तिचं सगळं बिऱ्हाड बांधापलीकडच्या झोपडीत गेलं आणि पोरीच्या डोक्यावर मिठाची पाटी आली. मग बाई अंगणवाडी सुटली की डबा घेऊन उन्हातून बांधाने निघत. तिची सासू हसायची, "बाई, मिठागरात येऊन मीठ चाखवताव व्हय?" पण पाटी उतरवून घ्यायची. ती काही वाईट बाई नव्हती. तिलाही कधी कोणी आधी वाढलं नव्हतं.

आठव्यातच पोरीला कळा आल्या. मुलगी झाली, अगदी एवढीशी. पेणहून तिला अलिबागला नेलं, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण ती राहिली नाही. त्या दिवशी भिंतीपलीकडून बडबडगीत ऐकू आलं नाही.

पोर झोपडीत परत आली तेव्हा बाई घरच्या तांदळाची पेज करून घेऊन गेल्या. सोबत मी होते. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. दूध दाटून आलं होतं, त्याने लुगडं भिजलेलं. बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "ऊठ गो, खा जरा."

पोर वळली नाही. म्हणाली, "आता कोणासाठी खाऊ?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या भरला डबा तसाच घेऊन परत आल्या. वाटेत मी काहीबाही बोलले. त्यांना ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा निघाल्या. मीही गेले. बाई पोरीच्या उशाशी बसल्या, तिच्या केसांतून हात फिरवला आणि इतक्या हळू बोलल्या, की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. "काल तू इचारलंस ते बरोबर हाय. पोटातल्यासाठी खा, पोटातल्यासाठी खा, असं मीच सांगत आले. चुकलं माझं. तुझ्यासाठी खा गो. हे पयलंच सांगायला पायजे होतं मी."

पोर भिंतीकडून वळली. मग उठून बसली. बाईंनी वाटी तिच्या हातात न देता ओठांशी धरली. दाराशी उभी असलेली सासू पदराने डोळे पुसत आत आली आणि तिने मागून सुनेची पाठ धरून ठेवली.

परतताना बांधावर कोणीच नव्हतं. बाई माझ्या पुढे चालत होत्या. मधेच थांबायच्या, डब्याचं झाकण काढून आत बघायच्या, आणि डबा खरंच रिकामा आहे हे दिसलं की झाकण लावून पुन्हा चालू लागायच्या.