जावईबापूंनी लावून दिलेला भाड्याचा कॉम्प्युटर

शिवाजी पेठेत माझं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करून देण्याचं छोटं दुकान आहे. माझा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला चहाला उकळी येण्याइतका वेळ घ्यायचा, पण सुरू व्हायचा. तो किती मागासलेला आहे हे मला पुण्याच्या जावईबापूंनी सांगेपर्यंत कळलंच नव्हतं.

"मम्मी, आता कॉम्प्युटर विकत कोण घेतं? महिन्याच्या भाड्यानं घ्यायचा. टेबलावर नुसता स्क्रीन आणि एक डबी. खरा कॉम्प्युटर क्लाउडमध्ये."

"म्हणजे ढगात?"

"तसंच समजा."

जावयाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी माझा कॉम्प्युटर स्वतःच्या गाडीतून भंगारात पोचवला, नवं खातं उघडलं आणि माझ्या डोक्याला ताप नको म्हणून त्यात फोन नंबर स्वतःचा घातला. एवढा काळजीवाहू जावई मिळायला नशीब लागतं.

काही महिने बरे गेले. मग आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाची फुटबॉल टीम फायनलला पोचली. सामन्याआधीच तालमीच्या अध्यक्षांनी विजयाचा बॅनर सांगून ठेवला. हरायचा विचार पेठेत कुणी करत नाही. मी नावं तपासायला त्यांच्या मोबाइलवर कच्चं चित्र पाठवलं. फुकटात कुणी छापून घेऊ नये म्हणून त्यावर आडवं, ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना'.

टीम जिंकली. संध्याकाळी मिरवणूक होती. छपाईची फाइल काढायला मी बसले, तर स्क्रीन म्हणाला, सुरक्षिततेसाठी मालकाच्या मोबाइलवर आलेला कोड टाका. मालक म्हणजे अर्थातच मी नव्हे. जावयांचा फोन बंद. मुलीला लावला.

"आई, ते विमानात आहेत. दिल्लीला निघालेत."

म्हणजे कॉम्प्युटर ढगात आणि किल्ली त्याच्याही वर. सुरक्षितता मात्र अगदी चोख होती. मलासुद्धा आत शिरता आलं नाही.

तेवढ्यात अध्यक्ष दारात. "वहिनी, बॅनर कुठं हाय?"

"ढगात अडकलाय."

"मग आता पाऊस पडायची वाट बघायची व्हय?"

मी सगळं समजावलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "हे पाठवलंय की तुम्ही. ह्येच छापू."

"अहो, त्यावर अक्षरं आहेत!"

"गुलालात कोण वाचत बसतंय?"

सगळ्यांनी वाचलं. चौकात तो भलामोठा बॅनर चढला, चेहरे धुरकट, आणि आमच्या शूर खेळाडूंच्या छातीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत 'नमुना'. गोलकीपरची आई बॅनरखाली उभी राहून आपला मुलगा शोधत होती. हरलेल्या पेठेतली पोरं खास मोटारसायकली काढून फोटो घ्यायला आली. मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी मी नवा बॅनर फुकट करून दिला, पण लोकांच्या मोबाइलमध्ये जायचा तो पहिलाच गेला होता.

त्याच आठवड्यात मी दुकानात जाऊन चांगला दणकट कॉम्प्युटर विकत घेतला. दुकानदारानं तो जोडून दिला आणि म्हणाला, "डिझाइनचं सॉफ्टवेअर तेवढं आता विकत मिळत न्हाय, वहिनी. महिन्याच्या भाड्यानंच."

त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? भाडं भरायचं कबूल केलं, पण नंबर माझा घातला.

पुढच्या खेपेला जावईबापू आले. टेबलाखालचं मोठं खोकं बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. "मम्मी, हे कशाला विकत घेतलंत? दोन-तीन वर्षांत जुनं होईल."

ओठांवर बरंच काही आलं होतं. पण जावई तो जावईच. मी म्हटलं, "पानं वाढलीत, हात धुऊन घ्या," आणि त्यांच्या ताटात तांबडा रस्सा नेहमीपेक्षा जरा झणझणीत वाढला.