उखाण्यातले आदिनाथराव

सुदुंबऱ्याच्या रेणुकाला गप्प बसवणं हे काही कुणाचं काम नव्हतं. तळेगावहून येताना एसटीत शेजारी अनोळखी बाई बसली, तर गाव येईपर्यंत त्या बाईचं माहेर, गुडघ्याचं दुखणं आणि सुनेचा स्वभाव एवढं सगळं रेणुकाला कळलेलं असायचं. बरं, बाईलाही वाटायचं, किती दिवसांनी मनातलं बोलले. असल्या माणसाला नशिबानं नोकरी दिली ती कुणीच कुणाशी न बोलणाऱ्या लोकांत.

कंपनी शेतीच्या पंपांची. कुठं पंप बंद पडला की शेतकऱ्याचा फोन यायचा. मग तक्रार लिहून घ्यायची, जवळचा मेकॅनिक धाडायचा आणि एखादा भाग लागला तर तळेगावच्या गोदामातून पाठवायचा. रेणुका हे काम घरून करायची. गोठ्याच्या वरच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि खाली म्हैस. लग्नानंतर, लेक सृष्टी मांडीवर असताना, तिनं बीकॉम पुरं केलं होतं आणि त्यानंतरही कितीतरी ठिकाणी अर्ज करून ही नोकरी मिळवली होती. नवरा पप्पू नवलाख उंबऱ्याला कारखान्यात पाळीवर. घरी सासू बयाबाई. सगळं कसं बेतानं बसलेलं होतं.

पण टीम म्हणावी तर टीम कुठं होती? अनघा आणि आणखी दोघं तळेगावच्या ऑफिसात बसायची. लोणावळ्याचा याह्या वडिलांच्या चिक्कीच्या दुकानावरच्या माळ्यावरून काम करायचा आणि आदिनाथ नवलाख उंबऱ्यातून, आपल्या घरून. ऑफिसवाले म्हणायचे, घरून काम करणारे दुपारी ताणून देतात. घरचे म्हणायचे, ऑफिसवाले वडापाव खाता खाता सगळं ठरवतात आणि आम्हाला कळवतसुद्धा नाहीत. याह्यानं लिहिलेली तक्रार अनघाकडे पडून राहायची, कारण अनघाला एक गोष्ट विचारायची असायची आणि याह्याला फोन करायला तिचा हात धजायचा नाही. तिकडे साताऱ्यातल्या कुणाचा ऊस पाण्यावाचून उभा. आणि आदिनाथ? त्याचा तर कॅमेरा कधीच चालू नसायचा. मीटिंगमध्ये त्याच्या जागी एक काळा चौकोन. तो झोपलेलाच असतो, हे अनघाचं ठाम मत होतं.

पुण्याच्या मॅनेजरबाई प्रेरणा मॅडम एके दिवशी वैतागल्या. या महिनाअखेरपर्यंत एकमेकांशी बोलायला शिका, नाहीतर सगळ्यांनी रोज पुण्यात खराडीच्या ऑफिसात हजर व्हायचं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आणि लोकांना बोलतं करायची कामगिरी दिली कुणाला? जी सगळ्यात जास्त बोलते तिला.

रेणुकानं मनातल्या मनात हिशेब मांडला. सुदुंबऱ्याहून खराडी म्हणजे घरून उजाडायच्या आत निघायचं आणि दिवेलागणीनंतर परत यायचं. सृष्टीची शाळा, बयाबाईंचे गुडघे, पप्पूच्या पाळ्या, यातलं काही जमलं नसतं. नोकरी सोडावी लागली असती. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर.

तिनं इंटरनेटवर शोधलं. तिथं 'आइसब्रेकर' नावाचे ढीगभर खेळ होते. कोणी काढलेत देव जाणे! एकात दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. याह्यानं सांगितलं की मी लोणावळ्यात राहतो, मला चहा आवडतो आणि मला कॉफी आवडते. पुढं कुणी काही विचारलंच नाही. दुसऱ्यात, तुम्ही प्राणी असता तर कोणता, असा प्रश्न. अनघा म्हणाली, गाय. खेळ संपला. आदिनाथचा काळा चौकोन 'पास' म्हणाला. रेणुकाला वाटलं, त्यापेक्षा खालच्या म्हशीला मीटिंगला बसवावं, ती निदान हंबरते तरी.

त्या रविवारी इंदुरीला बयाबाईंची धाकटी बहीण शकुबाई, तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सून नवी आणि अशी लाजाळू की विचारलं तरी मान हलवायची. पण बायका सोडतात होय? दार अडवून बसल्या. नाव घेतल्याशिवाय जेवण नाही. बिचारीनं चारदा पदर तोंडात धरला, मग एका दमात उखाणा म्हणून टाकला आणि मांडवभर जो हशा उसळला, त्यात ती स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसली. मग दिवसभर ती बडबड करत होती. रेणुकाच्या हातातला लाडू तसाच राहिला. हेच तर पाहिजे होतं!

सोमवारी तिनं कॅमेऱ्यासमोर वाटीत चिठ्ठ्या ठेवल्या आणि एकेकाच्या नावानं उचलल्या. मॅडमनाही सोडलं नाही. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याचं नाव शुक्रवारी उखाण्यात घ्यायचं. उखाण्यात त्या माणसाची एक तरी खरी गोष्ट पाहिजे आणि ती त्यालाच फोन करून विचारायची. अनघानं नाक मुरडलं. याह्या म्हणाला, आमच्यात उखाणे घेत नाहीत. रेणुका म्हणाली, मग तर तुझा पहिलाच, मजा येईल.

आणि फोन सुरू झाले. याह्याला अनघाचं नाव आलं होतं. त्यानं भीत भीत फोन केला, तर तासभर संपेना. बोलता बोलता अडकलेल्या तक्रारीही निघाल्या आणि साताऱ्याचा पंप दुसऱ्या दिवशी पाणी ओढू लागला. मॅडमना रेणुकाची चिठ्ठी आली होती. त्यांनी फोनवर विचारलं, तुझ्याबद्दल काय लिहू? रेणुका म्हणाली, आमच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ लिहा, तो शिजला की रस्त्यावरचा माणूस थांबतो.

रेणुकाच्या स्वतःच्या वाट्याला आला आदिनाथ. फोन लागला तेव्हा मागं तान्हं बाळ रडत होतं. तो म्हणाला, शेजारचं आहे. आईच्या कानाला काय फसवतोस बाबा! तिनं हळूच विचारलं, तेव्हा तो कबूल झाला. बायको कारखान्यात पाळीला जाते, आई नाही, आठ महिन्यांची हिरा त्याच्याकडेच असते. कामात कधी कुचराई केली नाही, पण लोक म्हणतील घरी बसून पोरगी सांभाळतो आणि पगार खातो, म्हणून कॅमेरा बंद. कुणाला सांगू नका ताई, असं त्यानं चारदा बजावलं. तो गावच्या भजनात पखवाज वाजवतो, तेवढं लिहा म्हणाला. रेणुकानं तेवढंच लिहिलं.

गुरुवारी दुपारी ती वरच्या खोलीत मोठ्यानं सराव करत होती. उखाणा कसा, ठसक्यात आला पाहिजे.

"भजनाच्या रंगात पखवाज बोलतो धिन्ता,
आदिनाथराव पाठीशी असता मला कसली चिंता!"

बयाबाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. सुनेनं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा, आणखी लाडात. बयाबाईंच्या उभ्या हयातीत बाईनं उखाण्यात एकाच बाप्याचं नाव घेतलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्या चहासकट खाली गेल्या आणि तो चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

संध्याकाळी भाकरी ताटात आदळली. भाजीत मीठ नव्हतं. रेणुकानं विचारलं, आत्याबाई, बरं वाटत नाही का? बयाबाई म्हणाल्या, आमाला काय धाड भरलीय. आणि शेजारच्या पोराकडून इंदुरीला शकुबाईला फोन लावून घेतला.

शुक्रवारी दुपारी पप्पू पाळी संपवून आला, तर दोघी बहिणी ओसरीवर वाट बघत होत्या. वर रेणुकाची मीटिंग रंगात आली होती. याह्यानं नुकताच उखाणा घेतला होता:

"गुळाची चिक्की ठेवली डब्यात भरून,
अनघाताई मालिका बघतात डोळ्यांना रुमाल धरून."

करारी अनघा मालिका बघून रडते, हे ऐकून ऑफिसातली दोघं टेबलावर हात आपटून हसत होती आणि अनघा लाल होऊन म्हणत होती की ते खरं आहे. मग रेणुकाची पाळी आली. तिनं पदर खोचला, ठसक्यात उखाणा घेतला आणि 'कसली चिंता' म्हणताना दार धाडकन उघडलं.

पुढं बयाबाई, मागं शकुबाई आणि त्यांच्या मागं काहीच न समजलेला पप्पू. रेणुका घाईघाईनं सांगू लागली, आत्याबाई, हा ऑफिसचा खेळ आहे. पण बयाबाई थेट लॅपटॉपपुढं जाऊन वाकल्या.

"ह्यातला आदिनाथ कोन?"

याह्याचा चेहरा होता, अनघाचा होता, मॅडमचा होता. आदिनाथच्या जागी काळा चौकोन.

"आन त्योच तोंड लपवून बसलाय," बयाबाई शकुबाईला म्हणाल्या, "बघितलंस?"

रेणुकाला एका वाक्यात सगळं उलगडता आलं असतं. आदिनाथ घरी तान्ही पोर सांभाळतो, म्हणून तोंड दाखवत नाही, एवढं म्हटलं की झालं. पण शब्द दिला होता. आणि मॅडम समोर होत्या. ती घाम पुसत पुन्हा एवढंच म्हणाली, खेळ आहे हो आत्याबाई, खेळ.

तेवढ्यात काळा चौकोन उजळला. विटांच्या भिंतीची खोली, आढ्याला लुगड्याची झोळी, झोळीत झोपलेलं बाळ. आदिनाथच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि पायाच्या अंगठ्यात अडकवलेली झोळीची दोरी तो हलकेच ओढत होता.

"मी आदिनाथ, मावशी," तो म्हणाला. "रेणुकाताई माझ्या थोरल्या बहिणीसारख्या आहेत. ही माझी पोरगी, हिरा. बायको पाळीला जाते, म्हणून हिला मीच बघतो. मॅडम, तुम्हाला काय करायचं ते करा, पण त्यांच्या घरात माझ्यापायी भांडण नको."

बयाबाईंनी पडद्याला नाक लावून झोळीकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "आरं, दोरी लय वढतोयस. पोर दचकंल."

अनघाला राहवलं नाही. इतके महिने का नाही सांगितलंस, असं ती विचारू लागली, तर आदिनाथ म्हणाला, कुणी विचारलंच नाही. अनघानंच त्याला झोपाळू ठरवलं होतं आणि तिनं लगेच माफीही मागितली, सगळ्यांदेखत. हिराची शपथ, पुन्हा असं बोलणार नाही म्हणाली.

आता सगळे मॅडमकडे बघत होते. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. म्हणाल्या, या आठवड्यात तुमची एकही तक्रार रखडली नाही, ते का, हे मला आत्ता कळलं. मग हातातला कागद बाजूला ठेवला.

"मी दुसरा लिहून आणला होता. तो राहू दे." त्या जरा अडखळल्या, हसल्या आणि म्हणाल्या,

"इंद्रायणीचा भात शिजला, घरभर वास सुटला,
रेणुका राहील सुदुंबऱ्यात, खराडीचा विषय मिटला."

आणि आदिनाथनं कॅमेरा असाच चालू ठेवावा, हिरासकट, असंही त्यांनी सांगितलं. याह्यानं शिट्टी मारली. रेणुका खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं, हसताहसता. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. आनंद इतका झाला होता की तिला तो कुठं ठेवावा कळेना.

बयाबाईंना यातलं काहीच कळलं नव्हतं. ही का रडती, त्यांनी पप्पूला विचारलं. रेणुका रडता रडता जे बोलली त्यातलं पप्पूला एवढंच समजलं होतं, ते त्यानं सांगितलं. हिला रोज पुण्याला जावं लागणार होतं, नाहीतर नोकरी सुटली असती. आता ती घरीच राहून काम करणार.

बयाबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंजी ही हितंच ऱ्हानार?" त्या म्हणाल्या. "मग घे गं बाई, रोज घे आदिनाथरावाचं नाव. माझं काय म्हननं न्हाई."