देशकर गार्डांची भांडी

रेल्वेतले देशकर गार्ड कुणाकडेही चहा प्यायले की शेवटचा घोट घेऊन कप उलटा करायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याचा तळ बघायचे. घर कुणाचं का असेना. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा कपात उरलेला थेंब माझ्या वडिलांच्या धुतलेल्या धोतरावर पडला. वडील काही बोलायच्या आत गार्डांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कंपनीचा आहे. माणसाचा नाही." मी नुकताच सरकारी नोकरीला लागलो होतो. मला हसू आवरेना. त्या दिवसापासून मी त्यांना काकाजी म्हणू लागलो.

हे मी आठवणींच्या गोडीसाठी लिहीत नाही. मला राग आला आहे, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आलेला राग उद्यावर टाकता येत नाही. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात बक्षिसाची चांदीची म्हणून आणलेली समई कुणीतरी नखानं खरवडली. आत पितळ निघालं. एक पोरगा ओरडला, "अरे, ये तो देशकरी माल है!" आणि सगळी सभा हसली. त्या पोरानं काकाजींना पाहिलेलंही नाही. पण रायपूरच्या मराठी माणसांत नकली वस्तूला 'देशकरी माल' म्हणायची रीत पडून वीस वर्षं झाली. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की देशकर गार्डांनी सरकारला नकली भांडी दिली आणि असली घरात दडवली. ही गोष्ट खोटी आहे. ज्या कागदातून ती जन्माला आली तो माझ्या हातचा आहे, म्हणून मला ठाऊक आहे.

काकाजी मालगाडीचे गार्ड. राहायला बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या बाजूच्या गल्लीत, दोन खोल्यांत. त्या दोन खोल्यांत हातानं घडवलेली एकशे अकरा भांडी होती. बाजारात मिळतात तसले माठ नव्हेत की कारखान्यातल्या बरण्या नव्हेत. देशात ठिकठिकाणी काही माणसं आपल्या छोट्या कार्यशाळेत स्वतः माती मळतात, चाकावर भांडं घडवतात, त्यावर काचेसारखा लेप चढवून स्वतःच्या भट्टीत भाजतात. एकासारखं दुसरं होत नाही. ओल्या मातीत, तळाशी, प्रत्येक जण आपली खूण करतो. कुणी अक्षर कोरतो, कुणी शिक्का दाबतो. काकाजी त्या खुणा वाचायचे.

हे वेड त्यांना लागलं गोंदियाच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनात. त्यांची मालगाडी सिग्नलला चार तास उभी. शेजारच्या रुळावर पॅसेंजर. खिडकीशी बसलेल्या एका प्रौढ बाईंनी, या माणसाला उन्हात उभा बघून, आपल्या थर्मासमधला चहा स्वतः घडवलेल्या कपातून दिला. काकाजींचा चहा अर्धा झाला आणि बाईंची गाडी सुटली. कप हातात राहिला. त्याच्या तळाशी अंगठ्याचा ठसा होता आणि खाली एक रेघ. तो परत करायला म्हणून काकाजींनी रेल्वेच्या पासवर शोध सुरू केला. तिसऱ्या वर्षी पार दक्षिणेत बाई सापडल्या. त्यांना हा माणूस आठवत नव्हता. त्यांनी कप घेतला, उलटा केला, हसल्या आणि परत यांच्याच हातात दिला.

"मले विसरली होती रे, पण अंगठा नाही विसरली," काकाजी सांगायचे. "वरचा भाग कुंभार लोकायसाठी करते. खालचा सोताच्यासाठी."

मग दर वर्षीचा पास कुठल्या ना कुठल्या भट्टीकडे. त्यांना परवडायची ती फक्त बिघडलेली भांडी, एका अंगाला कललेली, लेप ओघळलेली, काठाला बारीक तडा गेलेली. कुंभार ती फोडून टाकतात. हे त्यांच्याकडून मागून घ्यायचे. "पास झालेले पोट्टे साऱ्यांलेच पायजेत," म्हणायचे, "नापास झालेले माह्याकडे धाडा." आणायचे गार्डच्या काळ्या पेटीतून, लाल-हिरव्या झेंड्यांच्या शेजारी, काकूंच्या साड्यांत गुंडाळून. काकू चिडून आल्यागेल्याला सांगायच्या, "माह्या लग्नाचा शालू मले एकदाच नेसाले भेटला. मडक्यांनी दहादा नेसला!" काकाजी आतून ओरडायचे, "त्यांले बरा दिसते!"

पण कपाटात मांडून ठेवलेलं एकही भांडं नव्हतं. कललेल्या वाडग्यात वरण असायचं, लेप ओघळलेल्या बरणीत लिंबाचं लोणचं. मी एकदा म्हटलं, काकाजी, कोणतं कुणाचं ते वहीत लिहून तरी ठेवा. त्यांनी वरणाचा वाडगा उचलला, तळ माझ्या नाकाशी आणला. "वाच. लिहिलेलंच आहे नं? दुसऱ्यांदा काहून लिहू?" खुणेभोवतीचा तळ उघडा होता, लेपाशिवाय, खरखरीत. मी कारण विचारलं. "तळाले लेप लावला का भांडं भट्टीत चिपकते. म्हणून तो उघडाच ठेवा लागते. ज्याले पाह्यचं त्यानं तिथं पाह्यचं."

हे मी ऐकलं होतं. एकदा नाही, तीस वर्षं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं आणि आमचं शहर रातोरात पाहुण्यांनी भरून गेलं. जुन्या इमारतींवर नव्या पाट्या चढल्या. माझ्या विभागाकडे एका नव्या अतिथीगृहाच्या सजावटीचं काम आलं. आमचे साहेब बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाहर के लोग आएँगे। हमारे पास दिखाने को है क्या?" मला निवृत्तीच्या आधी एक बढती हवी होती. मी हात वर केला.

काकाजींना मीच पटवलं. काकू जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी सुनंदा नागपुरात. ते आठ दिवस नाही म्हणत राहिले. नवव्या दिवशी म्हणाले, "एक गोष्ट कबूल कर. काचेत बंद नाही करायचे. येनाऱ्यानं हातात घेतले पायजेत, उलटे करून पाह्यले पायजेत." मी म्हटलं, माझा शब्द. त्यांनी एकशे अकराही भांडी दिली. स्वतःसाठी पाणी प्यायला फुलपात्रही ठेवलं नाही. गोंदियाचा तो कपसुद्धा दिला. "तो काहून ठेवू? घराले जाताना एकाले मागं सोडत नसते."

आता माझा पराक्रम ऐका. सरकारात वस्तू आली की तिच्यावर नोंदीचा आकडा पडतो. खुर्चीवर, टेबलावर, पंख्यावर, तसाच भांड्यांवर. आकडा ऑइल पेंटनं घालायचा आणि दर्शनी भागावर घालायचा नाही, असा नियम. उद्घाटनाआधी तपासणी होती. खुर्च्यांवर आकडे घालणाऱ्या पेंटरला मी बोलावलं आणि सांगितलं, तळाला घाल. त्यानं प्रत्येक तळावर आधी पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला, म्हणजे आकडा उठून दिसेल, आणि त्यावर काळ्या रंगात आकडा काढला. कोऱ्या मातीनं रंग पिऊन घेतला. अक्षरं बुजली, शिक्के बुजले. मी तिथं उभा होतो. मला काकाजींचं बोलणं आठवलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. पहिलंच भांडं उलटं झालं तेव्हा आठवलं होतं. 'तपासणी होऊ दे, मग बघू,' एवढंच मी मनाशी म्हणालो.

आठवड्यानं दिल्लीहून एक जाणकार पाहुणे आले. साहेबांनी मोठ्या तोऱ्यानं त्यांना दालनात नेलं. पाहुण्यांनी एक वाडगा उचलला आणि अगदी काकाजींसारखा उलटा केला. दुसरा केला. तिसरा केला. मग हसून म्हणाले, "इन पर तो सिर्फ आपके विभाग के हस्ताक्षर हैं।" भांडी कललेली, तडे गेलेली होती, ते त्यांनी पाहिलं. खूण नसताना कुणाची ते सांगता येणार नाही, म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. संध्याकाळच्या आत त्यांना अहवाल हवा होता. मी लिहिला: "निरीक्षण के समय किसी भी वस्तु पर निर्माता का चिह्न नहीं पाया गया।" यातला एकेक शब्द खरा आहे. निरीक्षणाच्या वेळी खूण दिसली नाही. ती कुणी झाकली हे त्या वाक्यात नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी याहून सफाईदार वाक्य लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भांडी पोत्यांत भरून भनपुरीच्या गोदामात गेली, आणि गार्डनं फसवलं ही बातमी ऑफिसातून गावात.

काकाजी माझ्या ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी. टेबलावर माझ्या पेपरवेटच्या शेजारी नोंदीसाठी मागं ठेवलेला एक वाडगा होता. त्यांनी तो उलटा केला. त्या पांढऱ्या पट्ट्यावर नख फिरवून पाहिलं.

"कोनं केलं रे हे?"

"नियम आहे, काकाजी."

त्यांनी पिशवीतून तारपीनची बाटली आणि जुनं धोतर काढलं. "रंग अजून नवा आहे. मले गोदामात बसू दे. चार-आठ दिवसांत सारे साफ करतो. चहाबी नको तुह्या सरकारचा."

"सरकारी वस्तूवरचा आकडा पुसणं गुन्हा होतो."

"माह्या भांड्यावरचा?"

"आता तुमची नाहीत ती."

"हव," म्हणाले. फक्त एवढंच. बाटलीचं बूच घट्ट लावलं, धोतराची घडी केली आणि गेले. सगळी खोली तारपीनच्या वासानं भरली होती. मी पंखा वाढवला.

त्यानंतर गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी भर सभेत, माईकवरून, हसत हसत विचारलं, "काय हो देशकर, असली माल कुठं लपवला? आम्हाले तरी दाखवा!" लोक खिदळले. हेच लोक काकाजींच्या घरी त्याच वाडग्यांतून वरणभात जेवलेले होते. त्यातल्या एकालाही वाटलं नाही, की आपण तळावरची अक्षरं पाहिली आहेत, आपण उठून सांगावं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, हातात प्रसाद. काकाजी उठले. त्यांनी मला शोधलं. त्यांनी मला तिथं नागडं करायला हवं होतं. ते म्हणाले, "अरुणले इचारा. त्याले सारं माहीत आहे. अरुण सांगेल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "चौकशी सुरू आहे."

कोणतीही चौकशी सुरू नव्हती.

दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले. मी बोलावलं नव्हतं, पण दर वर्षी यायचे म्हणून आले. बायकोनं चहा दिला. भांड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप बशीत ठेवला. सरळ. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर जाऊन बसला आणि तिथंच राहिला.

त्याच हिवाळ्यात ते गेले. तेरवीला सुनंदानं मला अंगणात बाजूला घेतलं. "अरुणभाऊ, तुमी त्यांच्या जवळचे. बाबांनी खरंच असं केलं का हो?" मी म्हटलं, "जाऊ दे आता." मुलीनं बापाबद्दल विचारलं आणि मी तिला 'जाऊ दे' म्हटलं. ती आजही नागपुरात आहे. हे छापून आल्यावर पहिली प्रत तिला जाईल. तिनं ती माझ्या तोंडावर फेकली तरी चालेल.

दोन वर्षांनी गोदाम रिकामं करायचं ठरलं. मोडीत काढायच्या कागदावर तीन सह्या लागत, त्यातली एक माझी. 'टूटी क्रॉकरी' असं लिहिलं होतं. पोती उचलून ट्रकमध्ये फेकली तेव्हा जी धड होती तीही फुटली. तो माल नव्या रस्त्याच्या भरावात गेला. फेकण्याआधी मी एका पोत्यात हात घालून गोंदियाचा कप काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. ती सरकारी मालमत्तेची चोरी होती, तेही लिहून ठेवतो. बढती मला मिळाली होती. कप घरी आणून लोखंडी कपाटात कुलपात ठेवला, आणि त्यावर जवळजवळ वीस वर्षं काढली.

समईच्या दिवशी घरी आलो आणि तो बाहेर काढला. थिनर, टाचणी, जुना गंजीफ्रॉक घेऊन खिडकीशी बसलो. वीस वर्षांचा वाळका रंग, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात. तरी दोन दुपारी पुरल्या. काकाजींनी एकशे अकरा भांड्यांसाठी आठच दिवस मागितले होते, तेही रंग ताजा असताना.

यापुढं नकली वस्तूला नाव द्यायचंच असेल तर 'पाठकी माल' म्हणा. माझं आडनाव पाठक. कुणाला पुरावा हवा असेल तर ब्राह्मणपाऱ्यात माझ्या घरी या. त्याच कपातून चहा देईन. पिऊन झाला की उलटा करा. अर्ध्या तळावर त्या बाईंचा अंगठा दिसेल. उरलेल्या अर्ध्यावरचा रंग मी मुद्दाम काढलेला नाही. तिथं माझा आकडा आहे.