मल्चिंगच्या शिडाची नाव

धाकट्या भावानं नावेला शीड लावायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी मी हसले. आमचा मळा तलावाच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला, धरणाच्या भिंतीखाली. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून त्यानं मासेमारी करणाऱ्यांकडून जुनी फायबरची नाव घेतली होती. वांगी, टमाटे, मेथी नावेतून भिंतीपर्यंत जातात आणि तिथून गाडीनं मंगरूळपीरच्या बाजारात. वल्हं मारून त्याचे खांदे भरून यायचे, हे खरं. पण पठ्ठ्यानं शीड म्हणून बांधलं काय, तर शेडनेट! रोपांना सावली मिळावी पण वाराही लागावा म्हणून आम्ही जी हिरवी जाळी बांधतो, तीच. वारा आरपार गेला आणि नाव जागची हलली नाही.

मग त्यानं गेल्या हंगामातला मल्चिंगचा कागद काढला. वाफ्यावर अंथरतात तो प्लॅस्टिकचा, एका बाजूनं चंदेरी. त्याला टमाट्याच्या रोपांसाठी हात-हातभर अंतरावर भोकं पाडलेली. दिवाळीला मी माहेरी आले तर हा अंगणात बसून एकेका भोकाला चिकटपट्टी लावत होता.

"ताई, पाडव्याले याच नावेतून फटाके पाहाले जाऊ," तो म्हणाला. "मायलेबी नेऊ."

माझं हसू तिथंच थांबलं. आमच्या घरात फटाक्याचं नाव काढत नाहीत. मी सात वर्षांची असताना पाडव्याला अनार पेटवायला भीत होते. माय मागून म्हणाली, "जाय, लाव, काही होत नाही." अनार पेटला नाही, फुटला. माझ्या उजव्या मनगटावर अजून चट्टा आहे. मला तो आठवतही नाही एरवी, पण माय तो विसरली नाही. त्या दिवसापासून पाडव्याच्या संध्याकाळी ती आतल्या खोलीचं दार लावून बसायची आणि माझा तोच हात मांडीवर घट्ट धरून ठेवायची. लग्न झालं, मला पोरं झाली, तरी माहेरी आले की हात तिच्या मांडीवर. आणि "काही होत नाही" हे शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नव्हते. तापात नाही, परीक्षेत नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

गावातली मंडळी पाडव्याला भिंतीवर वर्गणीची आतषबाजी करतात. पंचवीस-तीस वर्षं मायनं तिचा नुसता आवाज ऐकला होता. मला फार वाटत होतं, हिनं एकदा ते पाहावं. त्यासाठी मी दोन दिवस तिच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "येतो मी. पण नावेत मी म्हणीन तसंच होईन."

तसंच झालं. बाबा जनावरं बुजू नयेत म्हणून गोठ्यात थांबले आणि नावेचा ताबा मायनं घेतला. तिनं आमच्या तिघांच्या कमरेला झाकण घट्ट लावलेले रिकामे डबे बांधले. भाऊ माशासारखा पोहतो, त्यालाही सोडलं नाही. ठिणगी पडलीच तर म्हणून पायाशी ओलं पोतं ठेवलं, आणि खताच्या पोत्यात दगड भरून त्याचा नांगर केला. "उभं कोनी राह्यचं नाही," तिनं बजावलं. एवढी जय्यत तयारी तिनं माझ्या लग्नातही केली नव्हती.

दिवस मावळला आणि शीड फुगलं. खरंच फुगलं! नाव सरसर निघाली. भाऊ तर राजाच झाला. भिंतीजवळ कोळ्यांच्या नावा, ट्रकच्या ट्यूबवर बांधलेल्या फळ्या, कुणाची पाहुण्यांनी भरलेली होडी, अशी ही गर्दी. एकमेकांना धक्के आणि शिव्या. आमच्या तलावाचं पार बंदर झालं होतं. भावाला नेमकी तिथंच, सगळ्यांच्या पुढं जागा हवी होती.

मायनं पदराचं टोक वर धरलं. ते भिंतीच्या दिशेनं उडत होतं.

"शीड उतरव."

"अवं, सारे तिकडंच हायेत ना!"

"मंग? फवारनी करतानी तू औषधाच्या समोर उभा राह्यतं काय? वारं पाठीवर पाह्यजे, अन् अंतर पाह्यजे. उतरव म्हनलं ना!"

त्यानं तोंड वाकडं करत दोर सोडला. मी दगडांचं पोतं पाण्यात टाकलं. नाव थोडी ओढली गेली आणि थांबली. तो चंदेरी कागद आमच्या मांड्यांवर पसरला. मायनं अंधारात चाचपून माझा उजवा हात शोधला आणि गच्च धरला.

पहिलं रॉकेट गेलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्यालाही. तिसरं तिरपं गेलं आणि गर्दीच्या शेजारी पाण्यात विझलं. एकच गलका झाला, कुणाला लागलं नाही, पण धुरानं सगळे खोकत मागं सरकू लागले. आमच्यापर्यंत धुराची रेघसुद्धा आली नाही. मायच्या तोंडावर समाधान पसरलं, आणि ती धांदल पाहायला तिला डोळे उघडावेच लागले.

मग एकामागून एक. लाल, हिरवं, पिवळं. वर आभाळात, खाली पाण्यात आणि आमच्या मांड्यांवरच्या मल्चिंगमध्येसुद्धा. मी वर पाहतच नव्हते, मायकडे पाहत होते. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, लहान पोरीसारखं. मला इतका आनंद झाला की रडू आलं.

तेवढ्यात डोक्यावर केवढा तरी धडाका झाला. मी दचकले, सवयीनं तिच्या हाताकडे सरकले, तर तो तिथं नव्हता. माझा हात मांडीवर एकटाच होता. मायचे दोन्ही हात वर होते, एक बोट आभाळाकडे.

"काही होत नाही वं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "वर पाह्य."