हजार चंद्र आणि डिंकाचं पाणी

माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला चिमटा मोहियोद्दीनभाईनं बावन्न साली 'दोन दिवसांसाठी' नेला. मी नगरमध्ये घड्याळं दुरुस्त करायचो आणि तो समोरच्या बेकरीत केक सजवायचा. एकवीस वर्षांत चिमटा परत आला नाही. मागायला गेलो की भाई हातात गरम नानकटाई ठेवायचा, आणि मी मूर्खासारखा खात खात परत यायचो.

केक भाजणारे दुसरे होते. भाईचं काम केक थंड झाल्यावर सुरू व्हायचं. एक उंच स्टूल, बिघडलेल्या ग्रामोफोनची फिरती तबकडी, बटरपेपरचे कोन आणि माझा चिमटा, एवढा त्याचा संसार. अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर आणि लिंबाचे चार थेंब घोटून तो जे चिकट मिश्रण तयार करी, त्यानं लावलेलं साखरेचं फूल खरवडून काढावं लागे. "फूल काय, कुणालाबी काढता येतं, आसारामभाऊ," तो म्हणायचा, "ते घरी पोचेपर्यंत जाग्यावर राहिलं पाहिजे."

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत बेकरीचे मालक राधाकृष्णशेठ पुण्याहून प्लास्टिकचे हंस आणि गुलाब घेऊन आले. खाली टाचणीसारखी काडी. केकमध्ये खुपसली की झालं, चिकटवायची भानगडच नाही. शेठ हंस खुपसून बघत होते, आणि भाईचा चेहरा असा, की हंस त्यालाच टोचतोय.

त्याच आठवड्यात काष्टीचे आप्पासाहेब आले. त्यांचे वडील पुंजारामबाबा यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात आणि घरात मोठा सोहळा करतात. आप्पासाहेबांना कुणीतरी कॅम्पातल्या साहेबांचा केक दाखवला होता, तेव्हापासून ते झपाटले होते. "केकवर हजार चंद्र पायजेत. मोजून," ते म्हणाले. "आन् आमचा म्हातारा माळकरी हाय. अंडं चालायचं न्हाई."

भाई 'हो' म्हणाला आणि मग विचार करू लागला. केक दह्या-सोड्यावर फुगला असता. चंद्र म्हणजे चांदीच्या वर्खाच्या साखरगोळ्या, त्याही बरणीत होत्या. पण अंड्याशिवाय त्या चिकटवायच्या कशानं?

शेठनी ऐकलं आणि जाता जाता म्हणाले, "एक चंद्र जरी पडला ना मोहियोद्दीन, तर उद्यापासून तू भट्टीवर. या स्टुलाचं कामच काय आता?"

भट्टीवर म्हणजे दिवसभर आगीसमोर लांब दांड्याचं फावडं. भाई पंचावन्नचा होता. त्या दिवशी त्यानं नानकटाई दिली नाही, तेव्हाच मला कळलं की माणूस घाबरला आहे.

साखरेच्या पाकावर गोळ्या घसरल्या. खव्यावर लोळल्या. शेवटी त्याची बायको चांदबी वैतागून म्हणाली, "लेकीच्या लाडवांतला डिंक उरलाय, तो घ्या आन् माझी चूल सोडा." डिंक भिजवला, मलमलीतून गाळला, त्यात पिठीसाखर घोटली. मग भाईनं एका पावावर वीस गोळ्या लावल्या, पाव सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि खड्ड्याखड्ड्यांतून भिंगारला जाऊन आला. वाटेत लोक विचारत होते, हे काय? हा गंभीरपणे सांगायचा, "तपासणी चाललीय." वीसच्या वीस गोळ्या जागेवर.

केक दीड हात लांब, वीतभर रुंद झाला. जुनी पंचांगं उघडून मी ओळी आखून दिल्या. बाबांचा जन्म माघातला, म्हणून माघापासून एका वर्षाची एक ओळ, बारा चंद्रांची. अधिक महिना असेल तिथं तेरा. ऐंशी ओळी पुऱ्या, म्हणजे नऊशे नव्वद, आणि एक्क्याऐंशीवी दहा चंद्रांची. दोन दिवस भाई चिमट्यानं एकेक चंद्र लावत होता. शेवटच्या ओळीला त्याची बोटं आखडली. म्हणालो, "सरका, ही ओळ मी लावतो. घड्याळजीचा हात आहे." मोठ्या दिमाखात लावली.

एस.टी.त आम्ही दोघांनी पेटी मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" भाई म्हणाला, "चंद्र." कंडक्टरनं आमच्याकडे बघत दोन तिकिटं फाडली आणि तो पुढं गेला. प्रत्येक खड्ड्याला भाई डोळे मिटायचा.

काष्टीला आप्पासाहेबांच्या ओसरीवर पेटी उघडली. शेवटच्या ओळीतला सातवा चंद्र नव्हता. पेटीच्या कोपऱ्यात तो घरंगळून पडला होता आणि त्याची चांदी उडाली होती. मी लावलेली ओळ. भाईनं कोन काढला, तर त्यात डिंक दगड झालेला, पुन्हा भिजायला रात्र लागली असती. जादा गोळ्या मात्र खिशात होत्या.

"थुंकी लावा आणि बसवा," मी कुजबुजलो. "कोण बघतंय?"

"कुणाच्या बापाचं आयुष्य मी थुंकीनं चिकटवू व्हय?" भाई म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुंजारामबाबांना पाटावर बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आभाळातला चंद्र कसाबसा दिसे, पण केकवरचं बारीक काही दिसत नव्हतं. त्यांच्या बायकोनं, आक्काबाईंनी, केकलाही हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "समदे हायेत न्हवं?"

घरभर माणसं होती. भाई उभा राहिला. "न्हाई, आई. नऊशे नव्याण्णव हायेत. एक वाटेत पडला. माझा हात चुकला."

माझा हात, असं त्यानं म्हटलं, आणि मी गप्प बसलो. त्याची आजही लाज वाटते.

कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. आक्काबाईंचा चेहरा उतरला, आप्पासाहेबांचा लाल झाला. बाबांनी हात पुढं केला. "दाखव कुठं."

भाईनं त्यांचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. बोट ओळीओळींनी सरकू लागलं. मध्येच एका ओळीवर थांबून बाबांनी विचारलं, "कितवी?" "एकविसावी," भाई म्हणाला. "हिच्यात आक्का आली," बाबा म्हणाले आणि नखानं एक चंद्र काढून बघू लागले. निघेना. "लई घट बसलाय की!" बायका हसल्या, आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग शेवटच्या अलीकडची ओळ. "ही दुष्काळाची का? हिच्यातला एकबी चुकला न्हाई. रोज आभाळ बघत हुतो, नुसता कोरडा चंद्र." बोट शेवटच्या ओळीत आलं आणि मोकळ्या जागी टेकलं. "हा कंचा म्हयना?"

"श्रावण," मी म्हणालो. ओळी मीच आखल्या होत्या.

बाबा हसायला लागले. "आवं, श्रावणाच्या पुनवंला रातभर पाऊस हुता! कुनी बघितला चंद्र? म्या तर न्हाई बघितला. बराबर हाय ह्या मानसाचं."

आप्पासाहेबांनी निघताना शेठसाठी चिठ्ठी दिली. शेठनी ती दोनदा वाचली, मग हंसांची खोकी उचलून फळीवर सारली आणि भाईपुढं चिठ्ठी धरली. तीत लिहिलं होतं: 'पुढच्या साली पुन्हा केक करणे. चंद्र याच माणसाने लावावेत. श्रावणातले सुटले तरी चालतील.'