आमच्या वरच्यांची नाताळची सुट्टी

आमच्या अख्ख्या सोसायटीत नाताळची सुट्टी मनापासून भोगलेला माणूस एकच, आणि तो ख्रिश्चन नाही. ते आमचे वरचे. वरचे म्हणजे आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांना नाव आहे, दारावर पाटीही आहे, पण आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'वरचे' असाच होतो. त्यांच्या घरात आमचा उल्लेख 'खालचे' असा होत असेल असं म्हणावं, तर त्यांच्या घरात ते एकटेच. आमचा उल्लेख करणार तरी कोणापाशी? वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा कायम कपाळावर, लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई होती तोवर वरून सकाळी मिक्सर ऐकू यायचा आणि आमची ही म्हणायची, "आज वर चटणी दिसतेय." आई गेल्यावर मिक्सर बंद झाला. माणूस मात्र तसाच राहिला, हसरा, बडबड्या आणि जिन्यात भेटला तर किमान दोन पायऱ्या आपल्यासोबत उलट उतरणारा.

ते नाशकातल्याच एका कंपनीत कामाला. पण ही कंपनी काम करायची विलायतेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचं. त्यामुळे आमच्या वरच्यांचं घड्याळ नाशकाचं आणि कॅलेंडर विलायतेचं. विलायतेतल्या साहेबांना दिवाळी ठाऊक नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली पोरं लवंगीच्या माळा लावत असायची आणि वरचे घरच्या टेबलाशी बसून, कानाला हेडफोन लावून, कुण्या मॅडमना इंग्रजीत समजावत असायचे की नाही मॅडम, इकडे युद्ध वगैरे काही सुरू झालेलं नाही, सण आहे. पाडव्याला काम, भाऊबीजेला काम. पण विसेक डिसेंबर उजाडला की तिकडची मंडळी जी गायब व्हायची ती नवं वर्ष जुनं वाटायला लागल्याशिवाय उगवायची नाहीत. मग इकडे यांनाही सक्तीची सुट्टी. चांगली दहा-बारा दिवसांची, भरपगारी, आणि अशा वेळेला की नाशकात दुसऱ्या कोणालाच सुट्टी नाही.

या सुट्टीने त्यांना एक खोड लावली. डिसेंबर लागला की जो भेटेल त्याला विचारायचं, "तुम्हाला किती?" पहिल्यांदा त्यांनी मला हे जिन्यात विचारलं तेव्हा मी नुकताच रक्त तपासून येत होतो, त्यामुळे मी प्रामाणिकपणे उपाशीपोटीची साखर सांगितली. "अहो, नाताळची सुट्टी किती?" ते म्हणाले. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. म्हटलं, एक. तीही रविवारी आली तर नाही. त्यांनी जीभ टाळ्याला लावून असा काही 'च्' केला की माझ्या घरातलंच कोणी गेलंय असं मला वाटलं. "एका दिवसात माणूस करतो काय?" म्हटलं, झोपतो. सगळ्यांच्या सुट्ट्या त्यांना तोंडपाठ. बँकेला एक, शाळेला इतक्या, कोर्टाची तर बोलायलाच नको. पहिल्या मजल्यावरचे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला आहेत, त्यांना विचारलं तेव्हा ते हेल्मेट काढत म्हणाले, "विजेला कुठला आलाय नाताळ? तुमचा टीव्ही चालतोय ना? मग आम्ही कामावर आहोत." वरच्यांना याचं खरंखुरं दुःख झालं. आपल्याला इतकी सुट्टी आणि दुसऱ्याला नाही, याची खंत वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ती खंत परोपकाराची होती असं मी बरेच दिवस समजत होतो. नंतर लक्षात आलं की त्यांना फक्त कोणीतरी सोबत हवं होतं.

आई गेल्यावरच्या पहिल्या डिसेंबरात त्यांनी आपली दिवाळीच उचलली आणि नाताळात नेऊन ठेवली. मला म्हणाले, "दिवाळी म्हणजे काय हो? माणूस मोकळा असतो तो दिवस. मी मोकळा कधी असतो? आत्ता. मग माझी दिवाळी आत्ता." झालं! कॉलेज रोडच्या दुकानांत सांताक्लॉजच्या टोप्या लटकत होत्या आणि आमच्या वरच्यांच्या गॅलरीत आकाशकंदील. फराळाची ऑर्डर द्यायला गेले तर फराळवाल्या काकू म्हणाल्या, "दादा, सोऱ्या माळ्यावर गेला. आता संक्रांतीचे लाडू सांगा." यांनी स्वतः स्टूल धरून सोऱ्या खाली काढून घेतला. आणि अभ्यंगस्नान! डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत भले भले पहिलवान कानटोपी घालून दूध आणायला जातात. हे पहाटे उटणं लावून न्हाले, रेशमी कुडता चढवला आणि ओल्या डोक्याने फराळाचं ताट घेऊन आमच्या दारात हजर. दात इतके वाजत होते की 'शुभ दीपावली' हे दोन शब्द त्यांना चार तुकड्यांत म्हणावे लागले. आमची ही ओरडली, "भाऊजी, आधी आत या, मरायचंय का?" संध्याकाळी त्यांनी पार्किंगमध्ये एक भुईचक्र लावलं, तर चेअरमन शॉर्टसर्किट झालं समजून वाळूची बादली घेऊन धावत आले. बादली खाली ठेवून त्यांना एक करंजी खावी लागली.

पण गंमत अशी की लोक यायचे. खरीखुरी दिवाळी संपून महिना उलटलेला, घरोघरचे डबे रिकामे, आणि वर ताज्या चकल्या आहेत ही बातमी जिन्याने खाली उतरायची. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी तिथे बसलेलं असे. आलेल्याला सोडायचं कसं नाही, याचं त्यांनी शास्त्र केलं होतं. चहा झाला की माणसं उठतात हे हेरून ते चहा सगळ्यात शेवटी टाकायचे, आणि तोही मंद आचेवर. मधे आईचे फोटो, मग शेव, मग पुन्हा एक चकली. आमच्याकडचे एक पाहुणे त्यांच्याकडे 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले आणि त्यांची गाडी चुकली. वरच्यांनी मग अत्यंत आनंदाने त्यांना जेवायलाही ठेवून घेतलं.

संध्याकाळ अशी निघायची. दिवसाचं काय? सकाळी आठला सगळी बिल्डिंग कामाला निघे तेव्हा हे खाली गेटशी उभे राहून एकेकाला निरोप द्यायचे. "या लवकर," असं मला म्हणायचे, जसा काही मी त्यांच्याच घरातून निघालोय. मग ते बँकेत जायचे आणि रांगेत उभे राहायचे. नंबर जवळ आला की मागच्याला पुढे करायचे, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." असं करत करत दुपार काढायचे. शेवटी तिथल्या वॉचमनने त्यांना स्वतःची खुर्ची दिली. एकदा तर मला कारखान्यात गेटवरून फोन आला, "तुमचे नातेवाईक आलेत." जाऊन बघतो तर वरचे, हातात डबा. "म्हटलं, आज तुमच्याबरोबर जेवू." गेटबाहेरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसून आम्ही त्यांची भेंडी आणि माझी मेथी खाल्ली. तेवढ्यात शिफ्ट सुटली. शेकडो माणसं, मोटारसायकली, कंपनीच्या बस, सगळा रस्ता भरून गेला. वरचे घास हातात धरून बघत राहिले. "किती माणसं हो एका वेळी!" ते म्हणाले. रोज त्या गर्दीला शिव्या देणाऱ्या मला एकदम कसंतरी झालं.

या उचललेल्या दिवाळीत एक दिवस मात्र त्यांच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा, तो म्हणजे भाऊबीज. धाकटी बहीण देवळ्याला दिलेली, घरची कांद्याची शेती. खऱ्या भाऊबीजेला यांना सुट्टी नाही, म्हणून हे डिसेंबरात साडी घेऊन तिच्या दारात. आणि डिसेंबरात त्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळ कांद्याची लागण ऐन भरात. हे फाट्यावर उतरून थेट शेतात जायचे. ती लांबूनच ओरडायची, "भाऊ, तुला दुसरा दिवस नाय का सापडत? बाया लागणीला आल्या हाय, दुपारून लाईट जाती!" लागणीच्या बाया हसायच्या, "ताई, तुमच्या भाऊचं पंचांग लय उशिरा छापतंय वाटतं!" पण हात धुऊन ती बांधावर बसायची. डब्याच्या झाकणात दिवा, वारा लागू नये म्हणून पदराचा आडोसा, आणि चिखलाची बोटं तशीच त्यांच्या कपाळाला लागायची. मग घटकाभर बोलणं व्हायचं, बहुतेक आईचं. मग ती उठायची. "चारची गाडी गाठ. आज घरात निजायलाबी जागा नाय." हे चारची गाडी गाठायचे. दहा दिवसांची रजा खिशात असलेला माणूस, पण त्याला 'राहा' असं कधी कोणी म्हणालं नाही. येऊन सांगायचे मात्र थाटात, "बहिणीने ओवाळलं हो शेतात. असं कोणाला मिळतं?"

गेल्या वर्षी ती विलायती कंपनी आपलं काम दुसरीकडे घेऊन गेली आणि वरच्यांना आपल्या इकडच्याच एका कंपनीच्या कामावर बसवलं. रोज ऑफिसात जायचं, सकाळी जायचं, आणि सुट्ट्या आपल्या. दिवाळीचे चार दिवस, नाताळचा एक. त्यांनी पेढे वाटले. "आता तुमच्यासारखंच," असं जो भेटेल त्याला सांगत होते. दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांच्या पायाला भिंगरी. चकल्यांची ऑर्डर सगळ्यांच्या आधी यांची.

आणि मग खरी दिवाळी आली, तर कोणालाच वर जायला वेळ नव्हता. घरोघरी लेकी-सुना, पाहुणे, प्रत्येकाच्या डब्यात स्वतःच्या चकल्या. आमच्याकडेच नऊ माणसं होती. जिन्यात ताटं नुसती वर-खाली होत होती, पण ताट दारातच द्यायचं आणि दारातच घ्यायचं. बसायचं कोणीच नाही. पाडव्याला ते आमच्या दारात आले, आतली गर्दी पाहिली आणि "नंतर येतो" म्हणून गेले. भाऊबीजेला देवळ्याला गेले, तर बहिणीच्या घरी तिच्या चारही नणंदा माहेरपणाला आलेल्या, चूल एक मिनिट विझत नव्हती. दीर आणि चुलतदीर पाटावर ओळीने बसले होते, त्या ओळीत यांनाही बसवलं आणि ओवाळलं. नंतर दोन तास हे ओसरीत खाटेवर बसून होते. मग कोणाला न सांगता उठले आणि गाडी धरून परत आले. मला म्हणाले, "सुट्टी सगळ्यांची असली की आपण कुठे दिसतच नाही हो." आणि हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

नाताळचा दिवस आला. या खेपेला त्यांना एक, मलाही एक. मी ठरल्याप्रमाणे झोपलो होतो. संध्याकाळी बेल वाजली. वरचे होते, पायाला लाल माती, पिशवीत कांद्याची पात. वर न जाता आधी आमच्याकडे आले होते. पहिल्या गाडीने देवळ्याला जाऊन आले होते.

"काय म्हणाली ताई?" आमच्या हिने विचारलं.

"आधी ओरडलीच. म्हणाली, 'दिवाळीला आला व्हता ना? झाली की भाऊबीज. आता काय?' मी म्हटलं, ती तुमच्या घरातली होती. ही आपली."

 ही पाणी घेऊन आली होती, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"तर तिने हात धुतले. बायांना म्हणाली, आज लवकर सुटा. लागण थांबवली हो तिने. अर्धा वाफा तसाच ठेवला. मग आम्ही बसलो, चांगले तीन तास बसलो. म्हणाली, 'दिवाळीत तुझ्यासंग दोन शब्द बोलता नाय आलं मला. तू कधी गेला तेबी कळलं नाय. रात्री भांडे घासताना आठवलं, तं रडूच आलं.' मग मी निघायला लागलो, तर हात धरला. म्हणाली, 'आज राह्य, भाऊ. परवा जाय.'"

 मला मनातून बरं वाटत होतं आणि त्याच वेळी समोर हा माणूस बसलेला होता, म्हणजे काय झालं ते दिसतच होतं.

"मग?" मी विचारलं.

"उद्या सकाळी ऑफिस आहे ना. वर्षअखेरीचं काम. नव्या कामावर इतक्यात रजा मिळत नाही."

इतक्या वर्षांत त्यांना 'राहा' म्हणणारं माणूस भेटलं, ते रजा नसताना भेटलं. मला फार वाईट वाटलं. आमची ही मात्र चिडून म्हणाली, "भाऊजी, फोन करून सांगायचं ना, ताप आलाय म्हणून! सगळं जग सांगतं."

वरच्यांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर सुट्टीवर एवढं बोललेल्या त्या माणसाने खोटी रजा कधी घेतलीच नव्हती.

"वहिनी, मला ते सुचलंच नाही हो," ते म्हणाले. "गाडीत बसल्यावर सुचलं. ती फाट्यावरच उभी होती, मागच्या काचेतून दिसत होती. मी कंडक्टरला थांबा म्हणणार होतो, तेवढ्यात त्याने डबल घंटी मारली."