सहा किलोंचा चढाईपटू

नोटीस आली तेव्हा मी पोहे परतत होते, आणि ज्याच्यामुळे ती आली होती तो माझी डावी चप्पल घेऊन सोफ्याखाली बसला होता. नवऱ्यानं चष्मा शोधला आणि मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या कुत्र्याच्या अखंड भुंकण्याच्या तक्रारी येत आहेत, तीस दिवसांत बंदोबस्त न झाल्यास त्याला इमारतीबाहेर हलवण्याचा ठराव सभेपुढे ठेवला जाईल. खाली चेअरमनची सही.

"अखंड म्हणे! खायला तरी थांबतो ना तो?" मी म्हटलं.

"अगं, पण भुंकतो तर खराच," नवरा म्हणाला. माझ्या नवऱ्याला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. त्यालाही भुंकणं ऐकू येतंय म्हटल्यावर मी गॅस बंद केला.

लालबागची आमची चाळ पाडून तिथं बावीस मजली इमारत झाली. आम्ही नवव्या मजल्यावर. माणसं बरीचशी चाळीतलीच, फक्त पूर्वी शेजारीशेजारी होती ती आता एकमेकांच्या डोक्यावर. चेअरमन म्हणजे नवऱ्याचा लहानपणचा दोस्त. मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी म्हणते. दर दिवाळीत आमच्या करंज्या खाणारा हा माणूस, आणि नोटीस पाठवताना वर येऊन दोन शब्द बोलला नाही, याचा मला भयंकर राग आला होता.

कुत्रा मूळचा माझ्या भाचीचा. टेरियर जातीचा, पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ, वजन सहा किलो. दादरला भाड्याच्या घरात तिनं तो हौसेनं घेतला, वर्षभरात तिची बंगळूरला बदली झाली, आणि "मावशी, फक्त पंधरा दिवस गं," म्हणून जो आमच्याकडे सोडला तो सोडलाच. कागदोपत्री त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते आमच्या तोंडी काही बसेना. मी त्याला "ए बाबा" म्हणायची आणि तो तेवढ्यावर यायचा.

पण काय सांगू त्याच्या लीला! लिफ्टचं दार वाजलं की भुंक. कावळा दिसला की भुंक. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की भुंक. तुळशीची कुंडी त्यानं तीनदा उकरली, सोफ्याच्या पोटातला कापूस हॉलभर केला. मूर्ती लहान पण कीर्ती महान. दिवसभर या खिडकीपासून त्या दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या, बघणाऱ्याला चक्कर यावी.

तरी मला तो हवा होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मी कबड्डी खेळलेली बाई. खेळावरच बँकेत नोकरी लागली, खेळातच उजवा गुडघा गेला, आणि निवृत्त झाल्यापासून जो तो मला "बसा, बसा" म्हणत होता. हा एकटा प्राणी रोज सकाळी माझ्याकडे बघून "ऊठ, चल" म्हणायचा. भाचीला फोन केला तर म्हणाली, पनवेलकडे एक माणूस अशी कुत्री ठेवून घेतो, पिंजरे आहेत त्याच्याकडे. पिंजरा हा शब्द ऐकला आणि मी फोन ठेवून दिला. तीस दिवसांत याला शांत करायचा, नाहीतर याची रवानगी पिंजऱ्यात, एवढं मला कळलं.

मग मी कंबर कसली. गेली कितीतरी वर्षं परळला एका मंडळाच्या मैदानावर मी मुलींना कबड्डी शिकवते. दमवायचं कसं हे मला कोण सांगणार? पहाटे उठून गुडघ्याला पट्टा बांधायचा आणि निघायचं. लालबागहून परळ, तिथून प्रभादेवी, थेट चौपाटीपर्यंत. संध्याकाळी मैदानावर जाण्याआधी आणखी एक फेरी. घरी आला की मीठ-मसाला न घातलेला चिकन-भात, एक उकडलेलं अंडं, वर केळ्याचे दोन काप. मैदानावरच्या माझ्या मुलींनाही मी असंच दमवते आणि त्या रात्री आडव्या पडतात.

पंधरा दिवसांनी काय झालं? त्याची छाती रुंद झाली, मांड्या दगडासारख्या झाल्या, आणि जमिनीवरून एका उडीत तो जेवणाच्या टेबलावर जायला लागला. आधी आठव्या आणि दहाव्या मजल्याची तक्रार होती, आता बाराव्याचीही आली. मी मात्र गुडघ्याला बर्फ लावून बसले होते.

तशीच लंगडत त्याला परळला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तरुण मुलगी, पण हात मोठा मायेचा. तिनं माझा सगळा दिनक्रम ऐकून घेतला आणि हसायलाच लागली.

"मावशी, तुम्ही याचा दम वाढवलात. आता हा दुप्पट वेळ भुंकू शकतो."

अरे देवा! इतकी वर्षं मुलींचा दम वाढवायला मी हेच तर करत आले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"ही जात फिरायला नाही, कामाला काढलेली आहे," ती म्हणाली. "बिळात घुसायचं, आतल्याला हुसकावायचं, परत यायचं. याला दमवू नका, काम द्या. हा बेकार आहे हो, म्हणून असं करतो."

बेकार हा शब्द आमच्या घरात फार दिवस राहून गेलेला आहे. माझे बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. गिरणी बंद झाली आणि ते माहेरच्या चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागले. नळ कुणी उघडा टाकला, रेडिओ कुणाचा मोठा, चपला कुणी मध्ये काढल्या, दिवसभर नुसतं भांडण. लोक म्हणाले, माणूस बिघडला. मलाही तेव्हा त्यांची लाज वाटायची. आई एकटी म्हणायची, "तेंका काम नाय गे बाय, म्हणान असा करतत." पुढे ते एका छापखान्यात रोजावर लागले आणि पहिल्याच संध्याकाळी, हात धुऊन, गप्प बसून पोटभर जेवले. त्या दवाखान्यात, टेबलापाशी याचा पट्टा धरून उभी असताना, मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं गुडघा दुखतोय.

"मग याला उंदरांवर सोडू का?" मी डोळे पुसत विचारलं. "लालबागेत त्यांना तोटा नाही."

ती ताडकन उभीच राहिली. "अजिबात नाही! विष खाल्लेला एखादा उंदीर तोंडात धरला तर जीव जाईल. शिवाय उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती वेगळीच. दुसरं काहीतरी शोधा."

दुसरं काय शोधणार? लालबागेत बिळं उंदरांची, बाकी सगळे टॉवर. घरात ठेवला तर भुंकणार, म्हणून त्या संध्याकाळी मी त्याला मैदानावर नेला आणि खांबाला बांधला. तेरा दिवस उरले होते. त्या मोसमात माझ्या मुलींची पण बोंबच होती. ताकद होती, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

सात जणी हातात हात धरून पकडीचा सराव करत होत्या. कुणाचा तरी केशरी नॅपकिन त्यांच्या मागे मातीत पडला होता. या पठ्ठ्यानं गळपट्ट्यातून मान कशी सोडवली ते त्यालाच ठाऊक. मध्यरेषा ओलांडून सुसाट आत शिरला, उजवीकडे हूल दिली, डावीकडून सटकला, नॅपकिन उचलला आणि सात जणींच्या पायांमधून परत मध्यरेषेच्या अलीकडे! एकीचाही हात लागला नाही.

मग जो काही आरडाओरडा झाला!

"ताई, याला टीममध्ये घ्या!"

"तुमच्यापेक्षा बरा आहे," मी म्हटलं, आणि शिट्टी फुंकली. "नॅपकिन परत मागे ठेवा. बघू कोण धरतं ते."

तिथल्या तिथं नियम ठरवले. झेप घालायची नाही, पाय धरायचा नाही, धरायचं तर दोन्ही हात छातीखाली घालून अलगद उचलायचं. बारा चढायांमध्ये तो अकरा वेळा नॅपकिन घेऊन परत आला. बाराव्या वेळी आमच्यातली सगळ्यात बुटकी मुलगी त्याच्याकडे बघायचं सोडून नॅपकिनकडे बघत राहिली, वेळ साधून सरकली, आणि तिनं त्याला वरच्यावर उचलला. त्यानं तिचं नाक चाटलं. मग पाणी प्यायला, माझ्या पायाशी येऊन पडला, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. मी त्याला असं कधी बघितलंच नव्हतं.

घरी नेताना माझ्या कडेवरच झोपला. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार वाजलं. त्याचा एक कान हलला फक्त.

दुसऱ्या दिवसापासून त्याची हजेरी लागली. रोज पाच वाजता मैदान, मध्ये पाण्याची सुट्टी, संपल्यावर पंजे धुऊन बोटांमधले खडे बघायचे. पहाटेची चौपाटी बंद केली, एक साधी फेरी ठेवली. दुपारचं काम नवऱ्यानं आपणहून घेतलं. तो नॅपकिन घरात कुठंतरी लपवायचा आणि याला शोधायला लावायचा. गव्हाच्या डब्यामागे, इस्त्रीच्या कपड्यांत, एकदा तर स्वतःच्या बनियनमध्ये. दोघं म्हातारी पोरं नुसती खिदळत असायची. मुलींचे पायही हलायला लागले. टाच टेकली की हा सटकतो हे त्यांना कळलं होतं, जे मला सांगून त्यांना कधी कळलं नव्हतं.

आठवडाभरानं दहाव्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "कुत्रा दिलात वाटतं? बरं केलंत हो."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून घेतले. बघू म्हटलं.

सभा मुदत संपली त्या रविवारी सकाळी अकराला, तळमजल्याच्या हॉलमध्ये. सकाळी सात ते नऊ मी त्याला भरपूर काम दिलं आणि सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये जाऊन बसले, अगदी पुढे, चहाच्या टेबलाशेजारी. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत आलेली. तो वास घेत खाली शिरला, नॅपकिनवर गोल फिरून बसला आणि झोपला. पट्टा माझ्या मुठीत.

पहिला विषय पाण्याच्या टाकीचा. त्यावर जे भांडण लागलं, दे माय धरणी ठाय! मग पार्किंग, मग गच्चीची चावी. एक गृहस्थ तावातावानं उठून चहाच्या टेबलावर मूठ आपटून गेले, कप खणाणले. मी मुठीतल्या पट्ट्याकडे बघितलं. पट्टा हलला नाही.

पाचवा विषय आमचा. भावजींनी माझ्याकडे न बघता ठराव वाचला. लगेच चहूकडून सुरू झालं. दिवसभर भुंकतो. झोप नाही. मुलांचा अभ्यास होत नाही. आठव्या मजल्यावरचे गृहस्थ हात वर करून उभे राहिले.

"अहो, दिवसभर काय घेऊन बसलात? आत्ता या घडीला वर भुंकतोय! मला इथं ऐकू येतंय!"

"मलाही!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी उठले. गुडघा वाजला, वाजू दे म्हटलं.

"भावजी, जरा ही चादर वर करा."

"वहिनी, आता चहा नंतर..."

"करा तर खरं."

भावजी टेबलापाशी आले, वाकले आणि चादर उचलली. बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. पुढच्या दोन रांगा उठून बघायला लागल्या. हा चारही पाय वर करून, पोट उघडं टाकून, तोंडातून जिभेचं टोक बाहेर काढून घोरत होता.

"हा कधीपासून आहे इथं?" भावजींनी विचारलं.

"टाकीपासून," मी म्हटलं.

हॉल हसण्यानं नुसता फुटला. आठव्या मजल्यावरचे गृहस्थ खाली बसले. दहाव्या मजल्यावरच्या बाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या आणि म्हणत होत्या, अहो, दहा-बारा दिवस आवाजच नाही, मी समजले दिला यांनी. भावजींनी खिशातून पेन काढलं, ठरावावर आडवी रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला. "चुकलो वहिनी, आधी वर यायला हवं होतं," म्हणाले. मी त्यांना माफ केलं, पण लगेच नाही.

इतका आनंद मला स्वतः फायनल जिंकल्यावरही झाला नव्हता. खाली वाकले, दोन्ही हात छातीखाली घालून त्याला अलगद उचलला आणि खांद्यावर घेतला. सगळे भोवती जमले, हात लावायला, नाव विचारायला. सव्वाशे माणसं एकदम बोलत होती.

"हळू बोला रे जरा," मी म्हटलं. "त्याला उद्या कामावर जायचंय."